दर तिमाहीला रुसणारं पॅकेज : फ्रीबीएसडीवर ‘लायब्ररी सापडत नाही’ या तक्रारीचं मूळ

“सर, कन्व्हर्टर उघडंना गेलंय.”

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा, दिवस होता. औशाकडच्या शेतात कोपीशेजारी बसून आंबिलीचा दुसरा तांब्या चालला होता, तेवढ्यात लातूरच्या अभ्यासिकेतल्या पोराचा हा फोन. अर्ध्या तासाने नांदेडहून मामा. त्यांचं डीटीपीचं दुकान आहे. “अरे बाबा, परत मागच्यावानीच झालंय बघ. कामून होतंय हे?”

‘मागच्यावानी’ हा शब्द मला झोंबला, कारण मामांचं खरं होतं. मागच्या वेळी मी पेनड्राइव्हवर नवी फाइल पाठवून वेळ मारून नेली होती. त्याच्या आधीच्या वेळीही तेच केलं होतं. हे दुखणं मुळापासून बरं करायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुम्हीही दुसऱ्या सिस्टिमवरचं सॉफ्टवेअर फ्रीबीएसडीवर, म्हणजे लिनक्ससारख्याच त्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणून चार जणांना वाटत असाल, तर हे तुमच्याही दारात येणार आहे.

आधी एक खुलासा. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांतच टंकायची.

सॉफ्टवेअर तसं छोटं आहे. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये आणतं. मामांकडे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल पडून आहेत. त्या फॉन्टांनी देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले होते, त्यामुळे फॉन्ट काढला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मूळ प्रोग्रॅम लिनक्ससाठी लिहिलेला. तो मी फ्रीबीएसडीवर आणला, पॅकेज बांधलं, आणि लातूर, नांदेड, अंबाजोगाई असं तीन ठिकाणी दिलं. चूक त्या ‘दिलं’मध्ये होती.

लक्षण

आयकॉनवर क्लिक केलं की काहीच होत नाही. टर्मिनलवरून चालवलं तर एक ओळ येते: एलडी-एल्फ (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लागणाऱ्या लायब्ररी जोडून देणारा) तक्रार करतो की ‘लिबआयसीयूयूसी.एसओ.७३’ ही शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायची कोडची फाइल, सापडली नाही, आणि ती आपल्या प्रोग्रॅमला हवी आहे. तुमच्याकडे नाव आणि आकडा वेगळा असेल. आयसीयू (युनिकोड हाताळणारी लायब्ररी) ऐवजी क्यूटी असेल, बूस्ट असेल. रोग एकच.

मी आधी पेनड्राइव्हवर संशय घेतला. मग लाइटवर, कारण त्या आठवड्यात लातुरात दिवसातून तीनदा लाइट जात होती आणि अभ्यासिकेचा इन्व्हर्टर म्हातारा झालाय. फाइलसिस्टिम तपासली, डिस्क तपासली, सगळं ठणठणीत. शेवटी सुगावा मामांच्या डायरीतून लागला. दुकान कोणत्या दिवशी कशामुळे अडलं हे ते गिऱ्हाइकाच्या नावासकट लिहून ठेवतात. जानेवारी. एप्रिल. जुलै. मधला एक ऑक्टोबर कोरा होता, म्हणूनच मला हा नेम इतके दिवस दिसला नव्हता.

हे महिने फ्रीबीएसडीच्या तिमाही शाखेचे आहेत. नव्या यंत्रावर पीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारी फ्रीबीएसडीची आज्ञा, जिथून पॅकेजेस आणतो तो साठा मूळ मांडणीत ‘क्वार्टरली’ असतो. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोर्ट्सच्या (सॉफ्टवेअर बांधायच्या कृतींच्या) मुख्य झाडातून नवी शाखा फुटते, २०२४क्यू१, २०२४क्यू२ अशा नावाने. मधल्या तीन महिन्यांत तिच्यात बहुतेक सुरक्षेच्या आणि दुरुस्तीच्या गोष्टीच येतात. शाखा बदलली की मात्र तीन महिन्यांचे सगळे बदल एकदम अंगावर येतात. आयसीयूच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून साधारण दोन येतात, आणि प्रत्येकीबरोबर लायब्ररीच्या नावातला आकडा बदलतो. अभ्यासिकेतला पोरगा शहाणा, दर महिन्याला इमानाने ‘पीकेजी अपग्रेड’ चालवायचा. त्याच्या यंत्रावर आयसीयू पुढे सरकलं. माझ्या हातचं पॅकेज कुठल्याच साठ्यात नव्हतं, ते जिथल्या तिथे राहिलं आणि जुना आकडा मागत बसलं.

खात्री कशी करायची

‘पीकेजी क्वेरी’ला प्रत्येक पॅकेजचं नाव आणि त्याचा साठा विचारता येतो: टक्का-एन, टक्का-मोठा-आर. अधिकृत साठ्यातून आलेल्यांपुढे ‘फ्रीबीएसडी’ने सुरू होणारं नाव येतं. हाताने टाकलेल्यांपुढे ‘अननोन-रिपॉझिटरी’. तुमचं पोर्ट केलेलं सॉफ्टवेअर या दुसऱ्या रांगेत दिसलं तर अर्धं निदान तिथेच झालं. मग ‘पीकेजी इन्फो’ला मोठा बी देऊन पॅकेजचं नाव द्या, त्याला कुठल्या लायब्ररी हव्यात ते कळतं. छोटा बी दिला की पॅकेज स्वतः कुठल्या लायब्ररी पुरवतं ते कळतं, तो आयसीयूला लावा. दोन्हीकडचे आकडे जुळत नसतील तर बाकी कुठे शोधत बसू नका.

‘पीकेजी -व्हीव्ही’ही चालवून बघा. शेवटी साठ्याचा पत्ता येतो. तो ‘क्वार्टरली’वर संपतो की ‘लेटेस्ट’वर (तिमाहीची वाट न बघणारा साठा), हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. अंबाजोगाईच्या यंत्रावर कुणीतरी नवा ब्राउझर हवा म्हणून ‘लेटेस्ट’ करून ठेवलं होतं. त्यामुळे तिथलं मोडायचं वेळापत्रक बाकी दोघांशी कधीच जुळायचं नाही. माझे दोन महिने या एका ओळीने खाल्ले.

जे करू नये, आणि मी केलं

पहिला शहाणपणा: ७४ नंबरच्या फाइलीला ७३ नावाचा सिमलिंक, म्हणजे त्याच फाइलीकडे बोट दाखवणारं दुसरं नाव. काही लायब्ररींत हे खपूनही जातं, म्हणून ही सवय लागते. आयसीयूत खपत नाही. आयसीयू आपल्या फंक्शनांच्या नावांनाच आवृत्तीची शेपटी जोडतं. आपला प्रोग्रॅम ‘अमुक_७३’ शोधतो आणि फाइलीत असतं ‘अमुक_७४’. त्यामुळे लायब्ररी नाही ही तक्रार जाऊन सिम्बॉल (फंक्शनचं नाव) नाही ही तक्रार येते, एवढाच फरक. वर तो सिमलिंक कुठल्याच पॅकेजच्या नोंदीत नसतो, पुढच्या माणसाला तो सापडेपर्यंत तो तिथेच.

दुसरा: घरी नव्याने बांधून फाइल पाठवणं. मामांनी ‘पीकेजी ॲड’ केलं तर उत्तर आलं, ही आवृत्ती आधीच बसवलेली आहे. मी बांधलं होतं नवीन, पण नावातला आकडा तोच होता ना. मग फोनवरून “मामा, पुढे उणे एफ लावा” असं सांगून ते दामटून बसवलं. त्या क्षणी चाललं, आणि पुढच्या तिमाहीला पुन्हा फोन.

तिसरा सगळ्यात वाईट: ‘पीकेजी लॉक’ लावून आयसीयू अडकवून ठेवणं. आयसीयूवर सिस्टिममधलं निम्मं जग उभं असतं. ते अडवलं की अपग्रेडच्या वेळी पीकेजीला जमेल तशी तडजोड शोधावी लागते, आणि काढायच्या पॅकेजांची यादी लांबते. ती यादी न वाचता ‘वाय’ दाबणारा माणूस मी पाहिलाय. आरशात.

खरा उपाय

कुणाला घरी दही लावायचं असेल तर तो शेजारी वाटी घेऊन येतो आणि आपण विरजण देतो. मी मात्र सगळ्यांना तयार दही वाटत सुटलो होतो आणि ते आंबलं की नवल करत होतो. बांधलेलं पॅकेज हे एका ठरावीक दिवशीच्या, ठरावीक लायब्ररींवर बांधलेलं असतं. टिकते ती कृती, म्हणजे पोर्ट: मेकफाइल, मूळ स्रोताच्या फाइलींचे आकार आणि एसएचए-२५६ ठसे ठेवणारी डिस्टइन्फो, वर्णन, फाइलींची यादी आणि लागतील ते पॅच, म्हणजे मूळ कोडमधल्या दुरुस्त्या. १९९४ पासून फ्रीबीएसडीचं हे असंच चाललंय आणि आज त्या झाडात तीस हजारांवर पोर्ट्स आहेत. त्या कृतीवरून दर तिमाहीला पुन्हा बांधायचं, आणि सुटी फाइल न देता पूर्ण साठा द्यायचा. माझी अडचण या दोन गोष्टींनी सुटली. बाकी सगळा तपशील आहे, पण तपशिलातच माणूस अडकतो, म्हणून तो सांगतो.

बांधायला पूड्रिएर वापरा. नाव फ्रेंच आहे, अर्थ दारूगोळ्याचं कोठार. आपल्या चालू यंत्रावर सरळ ‘मेक इन्स्टॉल’ करून बांधलेल्या पॅकेजमध्ये त्या यंत्रावरचा कचरा शिरतो: तुमच्याकडे योगायोगाने असलेली एखादी लायब्ररी कॉन्फिगर स्क्रिप्टला दिसते, ती जोडली जाते, आणि मामांकडे ती नसते. पूड्रिएर प्रत्येक पोर्ट कोऱ्या जेलमध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून तोडलेल्या बंद खोलीत, बांधतो. जे मेकफाइलीत लिहिलेलं नाही ते तिथे नाहीच. माझ्या पोर्टमध्ये गेटटेक्स्ट (भाषांतराची लायब्ररी) मागायचं राहिलं होतं, हे मला पहिल्या ‘पूड्रिएर टेस्टपोर्ट’नेच सांगितलं. त्याआधी वर्षभर ते ‘चालत’ होतं.

जेल कुठल्या आवृत्तीचं करायचं? तुमच्या माणसांकडे असलेल्यांपैकी सगळ्यात जुन्या आवृत्तीचं, अर्थात तिला अजून आधार मिळत असेल तर. त्या वेळी माझ्याकडे १४.१ होतं, अंबाजोगाईला १४.०. मी १४.१ वर बांधलं तर तिथे पीकेजी म्हणाला की हे पॅकेज नव्या फ्रीबीएसडीसाठी आहे. या तक्रारीकडे दुर्लक्ष करायची एक सेटिंगही तोच सुचवतो. ती लावू नका. यंत्र अपग्रेड करा, नाहीतर जेल खाली आणा.

पोर्ट्सचं झाड घेताना तिमाहीची शाखा स्पष्ट सांगा. ‘पूड्रिएर पोर्ट्स’ला मोठा बी देऊन शाखेचं नाव. स्वतःचं पोर्ट या झाडात घुसवू नका, नाहीतर प्रत्येक गिट-पुलला भांडण. ते वेगळ्या फोल्डरमध्ये, वर्ग आणि मग पोर्ट याच रचनेत ठेवा आणि ‘बल्क’ (यादीतली पोर्ट्स बांधणारी पूड्रिएरची आज्ञा) चालवताना मोठा ओ देऊन ओव्हरले म्हणून वर चढवा.

आता लाइटचा प्रश्न. क्यूटी जुन्या चार कोअरच्या यंत्रावर बांधायला घेतलं की मराठवाड्यातला मे महिना आणि कॉम्प्युटरचा पंखा यांत पैज लागते. ‘बल्क’ला छोटा बी देऊन ‘क्वार्टरली’ म्हटलं की जी अवलंबित पॅकेजं अधिकृत साठ्यात जशीच्या तशी आहेत, तेच पर्याय, तीच आवृत्ती, ती पूड्रिएर तिथून उतरवून घेतो आणि फक्त आपलं पोर्ट बांधतो. जुन्या पूड्रिएरमध्ये ही सोय नाही, ३.४ पासून आहे. माझं रात्रभराचं काम त्यामुळे चहा होईपर्यंतच्या कामावर आलं. झाडाला मोठा बी आणि बल्कला छोटा बी, हे मात्र मी अजूनही दर वेळी चुकतो. मध्येच लाइट गेली तरी घाबरायचं कारण नाही. पुन्हा चालवलं की झालेलं सोडून राहिलेलं बांधतो, आणि काम पूर्ण होईपर्यंत अर्धवट साठा बाहेर दिसत नाही.

यादीत काय टाकायचं? मी सुरुवातीला फक्त आपलं एक पोर्ट टाकलं आणि माणसांना अधिकृत साठा अधिक माझा साठा, असे दोन्ही चालू ठेवायला सांगितले. हे जवळजवळ चालतं. अडतं ते तिमाही बदलतानाच्या आठवड्यात. अधिकृत साठा पुढे गेलेला, माझा अजून मागे, की पुन्हा तोच ७३-७४चा खेळ. म्हणून आता प्रत्येक यंत्रावर ‘पीकेजी प्राइम-ओरिजिन्स’ चालवून घेतो. माणसाने मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांची ती यादी असते, आपोआप आलेली त्यात नसतात. तिन्ही ठिकाणच्या याद्या एकत्र करून त्यावरून बांधतो. त्या यंत्रांवर अधिकृत साठा ‘एनेबल्ड: नो’ लिहून बंद केला आहे, ती फाइल यूएसआर-लोकलखालच्या पीकेजीच्या रिपोज फोल्डरमध्ये जाते. ईटीसीमधल्या मूळ फाइलीला हात लावू नका. आता त्यांच्यासाठी एकच विहीर आहे. पाणी उशिरा आलं तर सगळ्यांनाच उशिरा येतं, पण दोन चवींचं येत नाही. आणि हो, माझ्यावर जबाबदारी आली: सुरक्षेच्या दुरुस्त्या आता माझ्या हातून जातात, त्यामुळे मी दर रविवारी बांधतो, नुसतं तिमाहीला नाही. एवढं जमणार नसेल तर दोन साठे ठेवा आणि तो एक आठवडा सांभाळा. हा सौदा आहे, ज्याने त्याने ठरवावा.

आधी हाताने टाकलेलं पॅकेज नव्या साठ्याशी जोडायला एकदा ‘पीकेजी इन्स्टॉल’ उणे एफ, उणे आर आणि साठ्याचं नाव देऊन दामटून बसवायचं. पीकेजी होता होईल तो पॅकेज ज्या साठ्यातून आलं त्याच साठ्याला धरून राहतो, म्हणून हा एक धक्का द्यावा लागतो. पुढे नुसतं अपग्रेड पुरतं.

साठ्यावर सही करा. ओपनएसएसएलने आरएसए किल्लीची जोडी बनवायची, खासगी किल्ली बांधणाऱ्या यंत्रावर, सार्वजनिक किल्ली सगळ्यांकडे. “आपल्याच लोकांत काय सही” असं मीही म्हणत होतो. पण पेनड्राइव्ह अंबाजोगाईला जाताना एसटीने जातो, आणि वाटेत कुणाच्या कॉम्प्युटरला लागतो हे मला माहीत नसतं.

पेनड्राइव्हवरून आठवलं. ज्यांना इंटरनेट धड नाही त्यांच्यासाठी साठा पेनड्राइव्हवर जातो आणि पत्ता ‘फाइल’ने सुरू होणारा असतो. पूड्रिएरचा साठा आतून सिमलिंकांवर उभा असतो: ‘ऑल’ हे नाव दुसऱ्याच फोल्डरकडे बोट दाखवतं. एफएटी किंवा एक्सएफएटीच्या पेनड्राइव्हला सिमलिंक ठाऊकच नाहीत. कॉपी करताना चार चुका येऊन गेल्या, मी पाहिल्या नाहीत, आणि अंबाजोगाईला रिकामा साठा पोचला. टारमध्ये बांधून न्या आणि तिकडे डिस्कवर सोडा, किंवा आरसिंकला मोठा एल देऊन सिमलिंकांच्या जागी खऱ्या फाइली उतरवा.

आकडा वाढवायचा विसर

साठ्यातून अपग्रेड करताना लागणारी लायब्ररी बदलली असेल तर आवृत्ती तीच असूनही पीकेजीला ते कळतं आणि तो पॅकेज पुन्हा बसवतो. पण मी माझ्या पॅचमध्ये एक ओळ सुधारली, ‘र्‍य’ चुकत होता तो नीट केला, तर बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. पीकेजी म्हणतो सगळं ताजं आहे, आणि मामांच्या ‘दुसऱ्या’ आवृत्तीचं ‘दुसर्या’ होत राहतं. बांधलेल्या पॅकेजात फरक पडणार असेल तर पोर्टरिव्हिजन एकाने वाढवायचं. मूळ लेखकाची नवी आवृत्ती आली की ते काढून टाकायचं. आणि मूळ लेखकाने तारखेची आवृत्ती सोडून १.० धरली, तर २०२३०८१५ पेक्षा १.० लहान म्हणून पीकेजी ढुंकूनही बघत नाही. तिथे पोर्टईपॉक लावावं लागतं, आणि एकदा लावलेलं ते कधीच कमी करता येत नाही.

ठसा जुळत नाही ही तक्रार आली की हात आपोआप नवे ठसे लिहून टाकणाऱ्या ‘मेक मेकसम’कडे जातो. थांबा. २०२३ च्या जानेवारीत एका मोठ्या कोड-साठवण सेवेने संग्रह दाबायची पद्धत बदलली आणि आतला कोड तोच असून जगभरचे ठसे चुकले, मग बदल मागे घ्यावा लागला. म्हणजे निरुपद्रवी कारणही असू शकतं. पण जुनी आणि नवी फाइल उलगडून ‘डिफ -आर’ चालवल्याशिवाय ते निरुपद्रवी आहे हे तुम्हाला कुठून कळणार? मूळ लेखकाने तोच टॅग हलवून आत काही बदललेलं असतं, ते याच वेळी सापडतं.

पॅच दर आवृत्तीला लागेनासे होत असतील तर ते मूळ लेखकाकडे पाठवून द्या. माझे पाच होते. दोन तर अनावश्यकच निघाले: बॅशचा पत्ता बदलणं ‘यूजेस’ ओळीतल्या शेबँगफिक्सने होतं, आणि जीएनयू मेक मागायला जीमेक पुरतं. उरलेले तीन मूळ लेखकाने दोन पत्रांत घेतले. पॅच ठेवायचं ‘फाइल्स’ फोल्डर आता रिकामं आहे.

पोर्ट अधिकृत झाडातही देता येतं. बगझिलावर नोंद, सोबत पोर्टलिंट आणि टेस्टपोर्टचा निकाल, आणि देखभाल करणारा म्हणून स्वतःचा पत्ता. तिथे गेलं की आयसीयू बदलणारा माणूसच अवलंबून असलेल्या सगळ्या पोर्ट्सचं रिव्हिजन वाढवतो, आपलंही. बदल्यात, कुणी बदल सुचवला आणि तुम्ही दोन आठवडे उत्तर दिलं नाही तर तो तुमच्याशिवायही घेतला जाऊ शकतो. माझं पोर्ट अजून दिलेलं नाही, कारण जुन्या फॉन्टांचे तक्ते कुणाच्या परवान्याखाली येतात ते मूळ लेखकाकडून लिहून घ्यायचं राहिलंय.

एवढं करूनही अडलंच, तर मदत मागताना ‘पीकेजी -व्हीव्ही’चा शेवटचा भाग, ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन’चं उत्तर आणि एलडी-एल्फची ती एक ओळ पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून. मामा अजून फोटोच पाठवतात, तिरका, ट्यूबलाइटच्या उजेडासकट, आणि नेमका तो आकडा उजेडात गेलेला असतो.